नर्सिंग होममधील स्वयंपाकघर : अन्नसाठवणुकीचे शास्त्र आणि शिस्त

आपल्या डॉक्टर मंडळाच्या स्मरणिकेत हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी अशा विषयांवर नेहमीच अभ्यासपूर्ण लेख येतात आणि ते यावेतही. या वेळी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी जाणीवपूर्वक एक उपेक्षित विषय निवडला. नर्सिंग होम बांधताना आपण शस्त्रक्रियागृहाच्या फरशीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा खल करतो. तेथील निर्जंतुकीकरणाची नोंदवही रोज भरली जाते. परंतु त्याच इमारतीत जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जे स्वयंपाकघर असते, तेथील फ्रीजचे तापमान किती, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारला असेल? वडोदऱ्यातील अनेक छोट्यामोठ्या नर्सिंग होममध्ये मी गेली पंचवीस वर्षे भेटीचा डॉक्टर म्हणून जात आहे. पोटाचे विकार हा माझा विषय असल्याने तेथील स्वयंपाकघरात डोकावण्याची मला सवय लागली आहे. त्या निरीक्षणातून आणि या विषयाच्या अभ्यासातून जे हाती लागले, ते व्यवसायबंधूंपुढे आणि समाजातील जाणत्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

रुग्ण आणि निरोगी माणूस यांतील फरक

एकच पदार्थ दहा जणांनी खाल्ला आणि त्रास दोघांनाच झाला, की आपण म्हणतो, ‘अन्नात दोष असता तर सगळ्यांनाच बाधले असते.’ हा युक्तिवाद रुग्णालयात लागू पडत नाही. निरोगी माणसाच्या जठरातील आम्ल हा शरीराचा पहिला पहारेकरी असतो. आम्लपित्तासाठी आपणच लिहून दिलेल्या गोळ्या हा पहारा शिथिल करतात. शिवाय वृद्ध, गर्भवती, नवजात बालके, कर्करोगावरील औषधे घेणारे, डायलिसिसवर असलेले आणि अनियंत्रित मधुमेहाचे रुग्ण, या सर्वांची प्रतिकारशक्ती उणी असते. घरी ज्या भातामुळे एखादी उलटी होऊन प्रकरण मिटेल, तोच भात शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवशी टाके उसवण्यास किंवा शरीरातील पाणी व क्षार धोकादायक पातळीपर्यंत घटण्यास कारणीभूत ठरू शकतो.

याचे अत्यंत दुःखद उदाहरण इंग्लंडमधील आहे. वेकफील्ड येथील स्टॅन्ली रॉइड या मनोरुग्णालयात ऑगस्ट १९८४ मध्ये साल्मोनेला जंतूंची साथ उद्भवली. शेकडो रुग्ण आणि कर्मचारी आजारी पडले आणि १९ रुग्ण दगावले. त्यांत वृद्धांचा भरणा होता. शिजवलेले मांस उन्हाळ्याच्या दिवसांत कित्येक तास फ्रीजबाहेर राहिले होते. त्या काळी तेथील सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांना अन्नस्वच्छतेच्या कायद्याखाली खटल्यापासून संरक्षण होते. या प्रकरणाच्या चौकशीनंतर १९८६ च्या कायद्याने ते संरक्षण काढून घेण्यात आले. पुढे २०१९ मध्ये त्याच देशात रुग्णालयांना बाहेरून पुरविलेल्या तयार सँडविचमधून लिस्टेरियाचा संसर्ग झाला आणि सात रुग्ण मृत्युमुखी पडले. सुबत्ता, यंत्रसामग्री आणि कायदा असूनही हे घडू शकते, एवढाच याचा बोध.

‘आमच्याकडे तर मांसाहार शिजतच नाही’ असे आपल्या शहरातील बहुतेक नर्सिंग होमचे चालक अभिमानाने सांगतात. जंतूंना मात्र हा भेद ठाऊक नाही. भात, डाळ, खिचडी, पनीर, मावा, दूध आणि उकडलेले बटाटे ही त्यांच्या वाढीसाठी तितकीच सुपीक भूमी आहे.

चार शत्रूंची ओळख

पहिला शत्रू बॅसिलस सीरियस. हा तांदळाबरोबर कोठारात येतो. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात ओट्यावर तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलटी घडविणारे विष तयार करतात. हे विष इतके चिवट आहे, की पुन्हा गरम केल्याने ते नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेत वास करतो. त्याचेही विष उकळून जात नाही. मावा, पेढे, खीर आणि हाताने कुस्करलेले बटाटे हे त्याचे आवडते आश्रयस्थान होय.

तिसरा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याला मोठी पातेली आवडतात. खोल पातेल्याच्या मध्यभागी प्राणवायू नसतो आणि ऊब दीर्घकाळ टिकते. अशा जागी, ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, त्याची संख्या दर दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब होतात.

चौथा लिस्टेरिया. तो फ्रीजच्या थंडाव्यातही सावकाश वाढत राहतो, म्हणून सर्वांत कपटी. गर्भवतीला साधा ताप येतो आणि गर्भ मात्र दगावतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे दोषी पदार्थ कोणता हे शोधणे दुष्कर होते.

या चौघांची ओळख करून देण्याचा हेतू एकच. ‘पुन्हा एकदा चांगले उकळून घेतले की झाले’ हा आपल्या स्वयंपाकघरांतील सर्वमान्य समज पहिल्या दोघांच्या बाबतीत साफ खोटा ठरतो आणि ‘फ्रीजमध्ये ठेवले की झाले’ हा समज चौथ्याच्या बाबतीत.

एक बोलके उदाहरण

काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) सकाळी दहाच्या सुमारास तीन रुग्ण, दोन नातेवाईक आणि एक परिचारिका यांना पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. मला बोलावणे आले. तिघांपैकी दोघींची आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे प्रथम संशय भुलीच्या औषधावर गेला. मग पाण्याच्या टाकीवर गेला. परंतु नातेवाइकांना भूल दिलेली नव्हती आणि टाकीचे पाणी तर सर्वच जण पीत होते. त्या सहा जणांत समान धागा होता तो सकाळच्या नाश्त्याचा. रात्रीचा उरलेला भात पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवला होता आणि सकाळी त्याचा खमंग फोडणीचा भात झाला होता. ज्यांनी चहा-बिस्किटांवर भागविले, त्यांना काहीही झाले नाही.

मी तेथील महाराजांशी बोललो. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, भाताला वास नव्हता, तार सुटली नव्हती. मी स्वतः चाखून पाहिला.” त्यांचे म्हणणे खरेच होते. विष तयार झाले तरी भाताचा वास, रंग आणि चव पूर्वीसारखीच राहू शकते. आपल्या आज्या-पणज्यांनी शिकविलेली वासाची परीक्षा अन्न नासले आहे की नाही हे सांगते, ते सुरक्षित आहे की नाही हे सांगत नाही. महाराज प्रामाणिक होते, स्वच्छही होते. त्यांना कोणी हे शास्त्र सांगितले नव्हते, इतकेच. सर्व रुग्ण दोन दिवसांत बरे झाले, परंतु एकीच्या पोटाचे टाके उलट्यांच्या ताणाने उसवले आणि तिला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले.

तापमान आणि वेळ

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली : स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवा, अन्न पूर्ण शिजवा, सुरक्षित तापमानात ठेवा, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरा. यांतील चौथे सूत्र आपल्या विषयाचा गाभा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर जातो. तेव्हा ही मुदत एका तासावर आणणे शहाणपणाचे.

थोडे गणित मांडू. अनुकूल उबेत जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो असे धरले, तर रात्री दहा ते पहाटे पाच या सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होऊन एकाचे वीस लाखांहून अधिक जंतू होतात. फोडणीच्या भाताला लागणारी ‘रात्र’ म्हणजे नेमकी हीच.

मोठे पातेले निववावे कसे?

उरलेली खिचडी भरल्या पातेल्यानिशी फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने पातेल्याचा मध्य कित्येक तास ऊबच धरून राहतो आणि शेजारच्या दुधाचे तापमान मात्र वाढते. खिचडीसारख्या घट्ट पदार्थात थराची जाडी निम्मी केली, तर निवण्याचा वेळ अदमासे चौथाईवर येतो. म्हणून पदार्थ पसरट थाळ्यांत किंवा परातीत दोन इंचांहून कमी जाडीच्या थरात ओतावा. ते भांडे थंड पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवावे, मधूनमधून स्वच्छ डावाने हलवावे, वाफ गेली की झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. ५७ अंशांपासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढील चार तासांत, असा दोन टप्प्यांचा दंडक अमेरिकेतील अन्नसंहितेत दिलेला आहे. तो आपल्यालाही मार्गदर्शक ठरावा. पुन्हा गरम करताना पदार्थ मध्यापर्यंत वाफाळला पाहिजे, निदान ७० अंशांपर्यंत, आणि तेही एकदाच.

याहून सोपा मार्ग म्हणजे मोजून शिजवणे. सकाळच्या फेरीनंतर परिचारिकेने जेवणाऱ्यांची संख्या स्वयंपाकघरात कळविली, तर उरण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

फ्रीजची मांडणी

छोट्या नर्सिंग होममध्ये बहुधा एकच फ्रीज असतो. त्यात वरच्या कप्प्यात इन्सुलिन आणि ऑक्सिटोसिन, मधल्यात भिजवलेली कणीक, खालच्यात कोथिंबीर आणि कोपऱ्यात लघवीच्या नमुन्याची बाटली, असे दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. यात अन्नाचाही घात आहे आणि औषधाचाही, कारण ही औषधे २ ते ८ अंशांत राहावी लागतात आणि स्वयंपाकघरातला फ्रीज दिवसातून पन्नास वेळा उघडला जातो. औषधांचा, नमुन्यांचा आणि अन्नाचा असे तीन वेगळे फ्रीज असावेत. ही चैन नव्हे, किमान गरज आहे.

अन्नाच्या फ्रीजमध्ये शिजवलेले पदार्थ वर, न धुतलेल्या भाज्या आणि कच्चे पदार्थ खाली, म्हणजे वरून काही ठिबकले तरी शिजवलेल्या अन्नात पडणार नाही. दाराचे कप्पे सर्वांत उबदार असतात, दूध तेथे ठेवू नये. हवा खेळण्यास जागा राहावी म्हणून फ्रीज कोंबून भरू नये. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, दिवस आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि मधल्या कप्प्यात एक साधा तापमापक ठेवावा. त्याची किंमत रक्ताच्या एका तपासणीहून जास्त नसते.

कोरडे कोठार आणि पंचमहालचा धडा

धान्य कोरडे असल्याने त्याला भय नाही, असे समजू नये. आपल्या शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा भागात १९७४ मध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला गेला. त्याला बुरशी लागली आणि तो खाल्ल्याने अफ्लाटॉक्सिन विषामुळे यकृताच्या विकाराची मोठी साथ आली. नोंदल्या गेलेल्या सुमारे ४०० रुग्णांपैकी १०६ जण दगावले. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात आजही उद्धृत होणारी ही घटना आपल्या दारातली आहे, हे नव्या पिढीच्या किती डॉक्टरांना माहीत असेल?

अफ्लाटॉक्सिनही शिजवून नाहीसे होत नाही. म्हणून धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत. शेंगदाणे, मका आणि सुके खोबरे पावसाळ्यापुरते थोडेच आणावे. सुरकुतलेले, काळपट, बुरसट वासाचे दाणे निवडून टाकावेत. कूट थोडे थोडे करावे. आधी आलेला माल आधी वापरावा आणि नवा डबा जुन्याच्या मागे ठेवावा. फिनाईल, उंदरांचे औषध, कपडे धुण्याचा सोडा यांना कोठारात प्रवेश नसावा.

नळीने दिले जाणारे अन्न आणि बाळाचे दूध

राइल्स ट्यूबमधून दिली जाणारी पेज, डाळीचे पाणी किंवा मिक्सरमध्ये वाटलेले अन्न ही सर्वांत नाजूक बाब आहे. रुग्ण बेशुद्ध असतो, तक्रार करू शकत नाही आणि चवही घेऊ शकत नाही. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेला अन्नाचा कण पुढच्या प्रत्येक खेपेला विरजणासारखे काम करतो. म्हणून मिक्सर प्रत्येक वेळी सुटा करून धुवावा, अन्न प्रत्येक खेपेस ताजे करावे आणि वाटलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सकाळीच दिवसभराची पेज करून खाटेशेजारी थर्मासमध्ये ठेवण्याची पद्धत त्वरित बंद झाली पाहिजे.

नवजात बालकासाठी आईच्या दुधाला पर्याय नाही. वैद्यकीय कारणाने पावडरचे दूध द्यावेच लागले, तर ती पावडर निर्जंतुक नसते, हे ध्यानात ठेवावे. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तीत असू शकतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूला तो ग्रासतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शनानुसार पावडर निदान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी, मग निववून लगेच पाजावी. दोन तासांत न संपलेले दूध फेकून द्यावे.

घरचा डबा आणि पुराचे दिवस

आपल्या समाजात रुग्णाला घरचा डबा नेणे हा केवळ सोयीचा भाग नसून तो मायेचा आविष्कार आहे. बाळंतिणीसाठी आजी पहाटे उठून केलेला शिरा, अळिवाची खीर पाठविते. तो डबा नाकारावा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु डबा केव्हा भरला हे परिचारिकेने विचारावे, जेवण गरम असतानाच व्हावे आणि उरलेले खाटेखाली ‘नंतर खाईन’ म्हणून राहू नये. डिंकाचे किंवा मेथीचे लाडू, खाकरा, राजगिऱ्याच्या वड्या असे कोरडे पदार्थ ठेवण्यास हरकत नाही. ओलसर पदार्थांना मात्र घड्याळ लावावे.

पावसाळ्याचा विचार आपल्याला वेगळा करावा लागतो. ३१ जुलै २०१९ ची अतिवृष्टी आणि ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीचा पूर वडोदरेकर विसरणे शक्य नाही. अशा वेळी वीज जाते आणि जनरेटर शस्त्रक्रियागृहासाठी राखून ठेवला जातो. दार न उघडल्यास फ्रीज सुमारे चार तास थंडावा धरतो, पूर्ण भरलेला डीप फ्रीझर सुमारे दोन दिवस. त्यापुढचे दूध, पनीर, शिजवलेले अन्न टाकून द्यावे. पुराचे पाणी लागलेले धान्य, भाजी आणि कागदी पुड्यांतील माल वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यापूर्वीच चार दिवस पुरेल इतका पोहे, डाळ, साखर, दुधाची पावडर आणि पिण्याच्या पाण्याचा साठा वरच्या मजल्यावर हलवून ठेवावा.

जबाबदारी कोणाची?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि परवान्याविषयीचे नियम २०११ पासून लागू आहेत. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटाच्या रोगांविरुद्ध लसीकरण त्यांत अपेक्षित आहे. पण कायद्याच्या धाकाने येणारी शिस्त तपासनीस येईपर्यंतच टिकते. खरी अडचण वेगळीच आहे. आपण सारे ‘अन्न टाकू नये’ या संस्कारात वाढलो. स्वयंपाकघरातील मावशींना पातेलेभर भात टाकताना पाप केल्यासारखे वाटते, आणि मालक काय म्हणतील ही धास्ती असतेच. म्हणून माझी नर्सिंग होमच्या चालकांना विनंती आहे, की संशयित अन्न टाकण्याचा अधिकार स्वयंपाक करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत द्यावा आणि त्याबद्दल त्यांना कधीही बोल लावू नये. अन्नाचा आदर ते वेळेवर आणि मोजके शिजविण्यात आहे, बिघडलेले रुग्णाला वाढण्यात नाही. चांगले अन्न उरले, तर ते दोन तासांच्या आत कर्मचाऱ्यांना किंवा गरजूंना ताजेच द्यावे.

उद्यापासून करता येतील अशा काही गोष्टी येथे एकत्र देतो :

१. फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावे. ५ अंशांच्या वर दिसल्यास तत्काळ कळवावे.
२. रात्रीचा भात सकाळी रुग्णास देऊ नये.
३. शिजवलेले अन्न दोन तासांत वाढावे अथवा उथळ भांड्यांत निववून फ्रीजमध्ये ठेवावे.
४. जुलाब, उलट्या किंवा बोटाला पिकलेली जखम असलेल्या कर्मचाऱ्यास पगारी रजा द्यावी. पगार कापला जाणार असेल, तर तो आजार लपवील.
५. प्रत्येक जेवणाचा छोटा नमुना स्वच्छ डबीत तीन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवावा. साथ उद्भवल्यास कारण शोधता येते.
६. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी स्वतः स्वयंपाकघरात फेरी मारावी.

यांतील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण वॉर्डात फेरी मारतो तेव्हा परिचारिका दक्ष होतात, कारण आपण तेथे काय पाहतो हे त्यांना ठाऊक असते. स्वयंपाकघरात आपण कधी गेलोच नाही, तर तेथील काम दुय्यम आहे असाच संदेश जातो. महाराजांना आणि मावशींना शेजारी बसवून एकदा हे सारे समजावून सांगावे. ती माणसे समजूतदार असतात आणि ‘का’ हे कळले, की ‘कसे’ हे ती आपल्याहून चांगले शोधून काढतात.

औषधाची चिठ्ठी लिहिताना आपण मात्रा, वेळ आणि पथ्य लिहितो. ते पथ्य जेथे शिजते त्या जागेकडेही आपले तितकेच लक्ष असावे, ही सर्व व्यवसायबंधू-भगिनींना नम्र विनंती.